एक जूनची मुलं

माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनला असायचा. नवीन बदलून आलेले साहेब रजिस्टर चाळताना थबकायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुमच्या वस्तीवर एक जूनला काय पोरांची लाट येते की काय?" मी हसून चहा पुढे करायचे. साहेबही हसायचे, कारण ते मास्तर होते तेव्हा त्यांनीही तेच केलेलं असायचं.

ज्यांना खेड्यातली शाळा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल शेतात, नाहीतर ऊसतोडीवर पाचटाच्या कोपीत जन्मलेलं. दाखला नाही. बापाला विचारावं तर तो आभाळाकडे बघणार. शाळा जूनमध्ये उघडते, पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत, म्हणून जन्मतारीख एक जून. साल आपलं आपण मागे मोजून टाकायचं. पेनाच्या एका फटकाऱ्यात पोरगं सहाचं.

त्यात गंमत अशी की एक जूनला शाळेला सुट्टी. त्यामुळे बिचाऱ्यांचा वाढदिवस व्हायचाच नाही. मग मी शाळा उघडायच्या दिवशी शिंदखेड्याहून शेंगदाण्याची चिक्की घेऊन जायचे आणि एक जूनच्या मुलांना पुढे बोलवून वाटायचे. बाकीची पोरं रडकुंडीला यायची. एकाने तर मला स्पष्ट विचारलं होतं, "बाई, माझी पण एक जून करून द्या ना."

मी नोकरीतली बरीच वर्षं शिंदखेडा तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत काढली. दोन खोल्या, दोन शिक्षिका, पहिली ते चौथी. आमच्या ह्यांची नोकरी जळगावला, घर पिंप्राळ्यात. मी शिंदखेड्याला खोली करून राहायची आणि शनिवारी गाडीने घरी. स्वभाव म्हणाल तर तापट. हातात छडी कधी धरली नाही, पण जिभेला लगाम नव्हता. पालकांना मी सरळ झापायची. "आधी पोरीला आत आणून बसवा, मग तुमची कारणं सांगा." वस्तीवरची माणसं ऐकून घ्यायची. कापूस वेचणारी, दिवाळी झाली की गुजरातेत ऊस तोडायला जाणारी माणसं ती. त्यांना वाटायचं, बाई बोलते पण पोरांचं भलं बघते. मलाही तसंच वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तर एका वर्षी तिसरीत एक मुलगी होती. ती रोज धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन यायची. स्वतः काडीएवढी, आणि कडेवर ते बोचकं. धाकटी वर्गात मागे बसायची, पाटीवर रेघोट्या मारायची, आणि खिचडी शिजल्याचा वास आला की ताठ व्हायची. खिचडी पटावरच्या मुलांसाठी. लहानग्यांसाठी अंगणवाडी होती, पण ती नाल्यापलीकडे मूळ गावात. थोरली आपल्या ताटलीतली अर्धी खिचडी धाकटीला द्यायची. दोघी अर्धपोटी. मला ते बघवेना.

त्याच जूनमध्ये मी धाकटीला उभं केलं आणि म्हटलं, "डोक्यावरून हात घे, कानाला लाव." ही आमची जुनी परीक्षा. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला तर मूल सहाचं समजायचं. हिचा हात जेमतेम टाळूपर्यंत पोचला. मी तिची मान थोडी वाकवली, बोटं जरा ओढली आणि म्हटलं, "हा बघ, लागला!" ती खूश होऊन हसली.

आणखी एक सांगायचं म्हणजे सांगायलाच हवं. त्या वर्षी पटाला एक नाव कमी पडत होतं. नाव भरलं नसतं तर दुसऱ्या बाईंची बदली झाली असती आणि चार वर्ग माझ्या एकटीच्या गळ्यात पडले असते. तेव्हा खिचडी तिच्यासाठी होती, पण नाव थोडं माझ्यासाठीही होतं.

नाव लिहीत होते तेव्हा तिची आई दारात उभी होती. डोक्यावर सरपणाचा भारा तसाच. ती हळूच म्हणाली, "बाई, लहान शे ती अजून. अंगावर दूध पेस अधूनमधून."

मी वर न बघता म्हणाले, "तू राहू दे गं, मला लिहू दे."

लिहिलं. एक जून.

पोरगी हुशार निघाली. वर्गातल्यांपेक्षा टीचभर कमी असायची, बेंचवर बसली की पाय लोंबकळायचे, पण पाढे खडाखडा. दरवर्षी चिक्की घ्यायला पहिली. चौथीनंतर ती मोठ्या शाळेत गेली, तरी जूनमध्ये मला शोधत यायची आणि हात पुढे करायची. थोरली दहावीला थांबली. तिचं अठराव्याला लग्न झालं, दोन वर्षांपूर्वी. त्या लग्नाला मी गेले होते. स्टीलचा डबा दिला, बुंदीचे लाडू खाल्ले, फोटोत उभी राहिले. धाकटीने त्या मांडवातच माझ्या कानात सांगितलं, "बाई, मी नाही हं एवढ्यात. मला नर्स व्हायचंय. धुळ्याला."

मी म्हटलं, "होशील की. कोण अडवतंय?"

मी निवृत्त होऊन पिंप्राळ्यात स्थिरावले. स्कूटर काढायची, भाजी आणायची, कॉलनीतल्या बायकांशी हुज्जत घालायची, असं चाललेलं. मग गेल्या मे महिन्यात, ऐन उन्हाच्या तडाख्यात, दुपारी दारावर टकटक. बघते तर त्या मुलींचे वडील. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी कुंकू लावलेली पत्रिका काढली, वर अक्षता ठेवल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. धाकटीचं लग्न. जूनच्या पहिल्या आठवड्यात.

तिचा बारावीचा निकाल नुकताच लागला होता, चांगले मार्क होते, तिनेच फोन करून सांगितलेलं. त्या फोनवर लग्नाचं एक अक्षर नव्हतं.

"भाऊ, ती नर्सिंगला जाणार होती ना?"

भाऊ खाली बघून म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर आमी दोन्ही जन ऊसवर जातस. थोरली तिना घर गयी. तरनी पोर एकटी कोठे ठेवू मी?"

मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर अभिमान होता. म्हणाले, "पन तुमना शबद मोडा नही मी. तुमी मीटिंगमा सांगेल, अठरा पुरा व्हत नही तोवर लगन नही. आमना गल्लीमा कोनीच थांबनं नही. मी थांबनू. एक जूनले अठरा पुरा व्हतंस, मंगच तारीख धरी."

पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला दाखला काढला. ग्रामसेवकाने मागितला तर असावा म्हणून बरोबर बाळगत होते. पुढे हायस्कूलने दिलेला, पण त्यावरची तारीख माझ्या रजिस्टरातून उतरलेली.

मी त्यांना चहा दिला, पोहे दिले, बसस्टँडला रिक्षा करून दिली. ते गेल्यावर पत्रिका देवापुढे ठेवली आणि बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. पोरगी फार तर सोळाची असेल.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "फोन कर, तक्रार दे, लग्न थांबतं आजकाल."

"काय म्हणून थांबेल? कागदावर अठरा आहे."

"मग?"

"मग मला सांगावं लागेल, कागद खोटा आहे. मी लिहिलाय."

हे म्हणाले, "पेन्शन आहे गं तुझी. एवढ्या वर्षांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार?" मला त्यांचा राग आला, कारण मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते. रागाच्या भरात मी भाकरी करपवली आणि त्यांनाच बोलले.

दोन दिवस मी तसेच काढले. हो, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसले आणि नरडाण्याला उतरले. आधी गेले नाल्यापलीकडे, अंगणवाडीताईंकडे. वस्तीवरच्या बाळांची वजनं करायला त्या महिन्यातून एकदा डोक्यावर काटा घेऊन यायच्या. आता त्यांचेही केस पांढरे झालेत. म्हटलं, "ताई, जुनी रजिस्टरं आहेत का हो?"

"आहेत ना. टाकायचं कोणी सांगितलं नाही, म्हणून टाकली नाहीत." त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. वाळवीने कडा खाल्लेलं एक रजिस्टर, त्यात आईचं नाव, बाळाचं नाव, जन्म, महिन्यामहिन्याचं वजन. धाकटीचा जन्म दिवाळीनंतरचा निघाला. मी जिला सहाची लिहिलं ती त्या जूनमध्ये पाचचीही नव्हती. थोरलीचं नाव शोधलं, मिळालं नाही. ताई नोकरीला लागायच्या आधीची ती.

ताई म्हणाल्या, "थांबा मॅडम, मीपण येते. तुम्हाला एकटीला खातील ते लोक." पण त्यांचा लसीकरणाचा दिवस होता. रजिस्टर मात्र त्यांनी दिलं.

वस्तीवर पोचले तर मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या. धाकटी पाणी भरत होती. मला बघून तिने हंडा खाली ठेवला. "का सांगितलं नाहीस गं मला फोनवर?" मी विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू बाई? अठरा झाले ना. आता मी काय बोलणार?"

मी दोघा नवराबायकोला ओट्यावर बसवलं. पालकांच्या मीटिंगा इतक्या घेतल्या, आता माझी पाळी होती. सरळ सांगितलं. "भाऊ, तुमची पोरगी अठराची नाही. सोळाची आहे. ती तारीख मी अंदाजाने लिहिली. अंदाजाने पण नाही, मला माहीत होतं ती लहान आहे. मी चुकले."

भाऊंना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते उठून उभे राहिले. "बठ्ठा गावले पत्रिका दि ऊनू मी! आते सांगतंस?"

"हो, सगळ्या गावाला पत्रिका गेल्यावर सांगतेय. उशिराच."

"तुमना अक्षरवर इश्वास ठेवा मी, बाई. मना सख्खा भाऊ हसे माले, काय थांबस म्हने, उडवी दे बार. मी म्हनू, बाईनी सांगेल शे. मंग मी कोनावर इश्वास ठेवू?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी दोन शब्द उलट बोलले असते. हे ऐकून मला रडूच आलं. साठीच्या बाईने त्या ओट्यावर पदराने डोळे पुसले, आणि पुसताना स्वतःची चीडही आली.

तेव्हा त्यांची बायको बोलली. माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे. "मी सांगेल व्हतं तुमले. कापूस येचनीमा व्हयेल शे ती. मी दारमा उभी व्हती, भारा व्हता डोकावर. तुमी म्हनात, तू राहू दे."

बारा वर्षं तिने ते जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

"हो वहिनी," मी म्हटलं, "म्हणाले होते."

मग ती नवऱ्याकडे वळली. "पोरनं वय मायले इचारतस. सोळानी शे. लगन नही व्हवाव."

एवढंच. तिच्यापुढे भाऊंचं काही चाललं नाही. ते खाटेवर बसले, उपरण्याने तोंड पुसलं आणि जरा वेळाने म्हणाले, "मंग ऊसवर जासूत तव्हय तिले कोठे ठेवू?" रागावलेला माणूस असं विचारत नाही. मी म्हटलं, धुळ्याला नर्सिंगचं हॉस्टेल मिळेपर्यंत माझ्याकडे, पिंप्राळ्यात. मग तुम्ही म्हणाल तसं.

दाराआडून धाकटी सगळं ऐकत होती. ती बाहेर आली. मला वाटलं, ही आता माझ्या गळ्यात पडेल. कसलं काय! रजिस्टर हातात घेतलं, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, वजनं वाचली, आणि विचारलं, "बाई, मग एवढ्या जूनमध्ये मी चिक्की खाल्ली ती फुकटच का?"

तिची आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. मग पोरगी बोटांवर मोजू लागली, माझ्यासारखीच, आणि मोजून झाल्यावर हळूच म्हणाली, "म्हणजे मला जवळजवळ दीड वर्ष अजून आहे." दुसऱ्यांदा म्हणाली, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर रजिस्टर माझ्या हातात कोंबून ती आत पळाली.

मी निघायला उठले तर भाऊ म्हणाले, "कोठे चालनात? चाला मंग. तुमीच सांगा तेस्ले." त्यांनी मोटारसायकल काढली. मी मागे बसले, मांडीवर रजिस्टर, डोक्यावर पदर, आणि तोंडावर झळा. नवरदेवाच्या गावी अंगणात आठ-दहा माणसं जमली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नवरदेवाचे आबा खाटेवरून म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हीच असं लिहिणार, तर आम्ही अंगठेबहाद्दरांनी काय करायचं?" बरोबर होतं त्यांचं. नवरदेवाचा बाप मात्र भडकला. आम्हाला काय पोरींची वानवा नाही म्हणाला, आणि भाऊंना नको ते बोलला. भाऊ हात जोडून उभे होते. चूक माझी, हात त्यांचे जोडलेले. ते बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न मोडलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं आहे. मी शिक्षण खात्याच्या ऑफिसात स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, की तारीख मी खोटी लिहिली. खुलासा मागवणारं पत्र आलं, मी खुलासा दिला, फाइल फिरतेय. तारीख दुरुस्त होणं सोपं नाही, दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत ती पोचलेली. पोरगी धुळ्याला नर्सिंगला लागली. सुट्टीत पिंप्राळ्याला येते, माझा बीपी तपासते आणि मला मीठ कमी खा म्हणून झापते. बोलणं अगदी माझ्यासारखं. हे म्हणतात, एक होती ती काय कमी होती!

पण त्या दिवशी भाऊंनी मला नरडाण्याच्या स्टेशनावर सोडलं ते राहिलं सांगायचं. वाटेत वस्तीवर थांबलो तेव्हा त्यांच्या बायकोने माझ्या पिशवीत दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. एवढं होऊनही. ती आणि भाऊ तेव्हा आत जरा वेळ काहीतरी बोलत होते. मी बाहेर मोटारसायकलपाशी उभी होते.

फलाटावर आम्ही बाकावर बसलो. मी म्हटलं, भाऊ जा तुम्ही, ऊन आहे. ते गेले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "बाई, थोरलीनी तारीख बी तुमीच लिखेल शे ना?"

"हो."

"तिनी बी एक जूनच."

"हो, भाऊ."

तिच्या लग्नातले बुंदीचे लाडू मला आठवले. त्या फोटोत मी तिच्या शेजारीच उभी आहे. तिच्या मांडीवर आता वर्षाचं पोर आहे.

"ती कितीची होती, मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी विचारलंच नव्हतं. तिच्या आईला माहीत असेल."

"इचारं," भाऊ म्हणाले. "आतेच घर इचारं तिले."

म्हणजे मी बाहेर उभी होते तेव्हा आत तेच विचारून झालं होतं. ते रुळांकडे बघत राहिले. आकडा त्यांनी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

"गाडी ऊनी तुमनी," ते म्हणाले आणि माझी पिशवी उचलून डब्यात ठेवून आले.